मुलगा बघायला जहाजावर

मुलगा बघायला लोक लातूरला जातात, सोलापूरला जातात, घराणं फारच उंची असेल तर हैदराबादला जातात. आमच्या खानदानात मुलगा बघायला जहाजावर गेलेला पहिला माणूस मी. या प्रवासाबद्दल उस्मानाबादकडच्या आमच्या वाशीच्या बाजारात सध्या पुष्कळ भलतंसलतं बोललं जातं आहे. ते बोलणारांपैकी एकानंही समुद्र पाहिलेला नाही. तेव्हा झालं ते झालं तसं लिहून ठेवतो.

मी उस्मानाबादच्या कोर्टात शिरस्तेदार. निजामाच्या अमदानीत उर्दूत शिकलो, उर्दूतच नोकरीला लागलो, आणि राज्य बदललं तेव्हा मराठीची बाराखडी पुन्हा गिरवली. आमचा जिल्हा आधी हैदराबादेत होता, मग मुंबई राज्यात गेला, आता महाराष्ट्रात येऊन पाच-सहा वर्षं झाली; मी मात्र त्याच खुर्चीवर आहे. इतकी वर्षं साक्षीदारांचे जबाब ऐकून माणूस खोटं कधी बोलतो ते आपल्याला कळतं, असा एक समज माझ्या डोक्यात बसला आहे. दुर्दैवानं तो आमच्या दाजींच्याही डोक्यात बसला, आणि ही कामगिरी माझ्यावर आली.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. वाशीला त्यांची भुसार मालाची आडत आहे. त्यांची मुलगी गिरिजा बी. ए. झाली आणि उस्मानाबादला आमच्याकडे राहून मुलींच्या शाळेत भूगोल शिकवू लागली. तिला माकणीच्या मल्लिनाथाचं स्थळ सांगून आलं. मुलगा आमच्यासारखाच लिंगायत, शेतीवाल्याच्या घरचा. शिकून नौदलात गेलेला आणि जहाजावरून हेलिकॉप्टर उडवणारा. एका लग्नात दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं. गिरिजा 'मला चालेल' म्हणाली आणि कामाला लागली. आमच्याकडे लग्नाच्या बाबतीत मुलीनं दोन शब्द बोलणं हे भाषण समजलं जातं.

दाजींना मात्र चालत नव्हतं. ज्याला घर नाही त्याला मुलगी द्यायची कशी, हा त्यांचा पहिला मुद्दा. घर बघायला जावं तर ते कोचीनला निघून गेलेलं असायचं. पण खरी भीती वेगळी होती. आमच्यात लहानपणीच गळ्यात इष्टलिंग बांधतात. चांदीच्या डबीत, म्हणजे करडगीत घातलेलं, शिवदोऱ्यात ओवलेलं. ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. रोज ते तळहातावर घेऊन पूजा करायची आणि मगच अन्नाला हात लावायचा. ते हरवलं तर जुनी माणसं अन्न सोडून बसत. हल्ली स्वामींकडून दुसरं घेतात, पण नातेवाइकांत त्याची कुजबुज नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरते. आता बारा गावचं पाणी प्यालेला, साहेबी टेबलावर जेवणारा मुलगा हे सगळं पाळत असेल यावर दाजींचा काडीइतका विश्वास नव्हता.

ते मला म्हणाले, "पगार बघू नगा, हुद्दा बघू नगा. अंगावर लिंग हाय का, आन् जेवायच्या आदी पूजा करतो का, येवढंच बघून या. तुम्ही न्हाय म्हणालात तर न्हाय."

म्हणजे गिरिजाचं लग्न माझ्या एका शब्दावर आलं. ती मला पोचवायला एस. टी. स्टँडवर आली तेव्हा मी तिला विचारलं, तुझ्यातर्फे काय बघून येऊ? ती म्हणाली, "सगळं बघून या, मामा." भूगोलाच्या बाईंकडून मला याहून नेमक्या उत्तराची अपेक्षा होती.

जहाजावर, पहिला दिवस

येडशीची छोटी गाडी, कुर्डुवाडीची मोठी गाडी आणि त्यातली गर्दी यांत सांगण्यासारखं काही नाही. मुंबईच्या गोदीच्या फाटकात मल्लिनाथ मला न्यायला उभा होता. इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, शिपायांच्या देखत, तो वाकून माझ्या पाया पडला. एक गुण मी तिथंच दिला. पण त्याची कॉलर गळ्याशी अशी घट्ट बंद होती की आत शिवदोरा आहे की नाही याचा पत्ता लागेना. त्या दिवशी मी त्याच्या तोंडापेक्षा गळ्याकडे जास्त पाहत होतो. तो बिचारा दोनतीनदा कॉलर झटकून काही सांडलं आहे का ते बघत होता.

जहाजातल्या लोकांच्या घरच्यांना वर्षातून एकदा दिवसभर समुद्रात फिरवून आणायची तिथं पद्धत आहे. मल्लिनाथाचे आईवडील काही माकणी सोडून यायला तयार नव्हते, म्हणून त्यांच्या जागी यादीत मी. वरिष्ठांना विचारून त्यानं आदली रात्रही माझी सोय जहाजावरच केली होती.

जहाज म्हणजे काय हे वाशीच्या वाचकांना कसं सांगावं? आपली बाजारपेठ वेशीपासून वेशीपर्यंत उचलून लोखंडाची करावी, विमानं उडवायला वर सपाट पत्रा ठोकावा आणि खाली हजारभर माणसं कोंबावीत. जिने असे की चढताना पुढच्याचे बूट आपल्या नाकाशी. दारांना गुडघ्याएवढे लोखंडी उंबरे. ते मी पहिल्या तासाभरात नडगीनं मोजले, अकरा भरले. मग मल्लिनाथानं आयोडीन आणलं.

त्याची खोली, जी बघून घराची परीक्षा करायची होती, ती आमच्या कोर्टातल्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यापेक्षा थोडी मोठी निघाली. तीतही दोघं जण. दुसरा जेट विमान चालवणारा एक पंजाबी. त्यानं माझ्यासाठी आपली वरची पथारी सोडली आणि स्वतः दुसरीकडे गेला. बरोबर डोक्यावर, एका पत्र्यापलीकडे, वाफेच्या जोरावर विमान पुढं फेकायचं यंत्र होतं. काम चालू असलं की दर दोन मिनिटांनी छतावर गाडाभर दगड ओतल्यासारखा आवाज होतो म्हणे. मल्लिनाथ त्यात झोपतो. आमच्या गिरिजाला शेजारच्या घरातली चक्की सहन होत नाही, हे मी मनात टिपून ठेवलं.

दुपारी तो मला अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या दालनात घेऊन गेला. मी डोक्यावर काळी टोपी, अंगात कोट, असा रीतसर आत शिरलो. कुणीतरी टणकन घंटा वाजवली आणि वीसएक अधिकाऱ्यांनी आनंदानं टेबलं बडवली. मला वाटलं पाहुण्यांचं स्वागत असं होत असेल, म्हणून मी हात जोडून सगळीकडे वळलो. त्यावर त्यांनी आणखी बडवली. मग मल्लिनाथानं कानात सांगितलं की त्या दालनात जो टोपी घालून येईल त्यानं साऱ्यांना पाजायचं, असा त्यांचा जुना कायदा आहे. मी म्हटलं, आमच्याकडे उघड्या डोक्यानं माणूस फक्त मयताच्या घरी जातो. त्यानं हे इंग्रजीत सांगितल्यावर बडवणं थांबलं. तेवढ्यात मी पिशवीतून कुंथलगिरीच्या पेढ्यांचा पुडा काढला आणि पाजण्याऐवजी खाऊ घालून सुटका करून घेतली. पंजाब्यानं चार खाल्ले. दारूबंदीच्या बाजूनं आमच्या जिल्ह्यानं मुंबई बंदरात केलेली ही बहुधा पहिलीच कामगिरी असावी.

जेवण आलं. शाकाहारी माणसासाठी उकडलेले बटाटे, त्यांच्याबरोबर तळलेले बटाटे, आणि बदल म्हणून बटाट्याची भाजी. मल्लिनाथानं शांतपणे टेबलाखालून शेंगाच्या चटणीची बाटली काढली. आईनं पाठवलेली होती. ती त्याच्या बटाट्यांवर पडली तशी माझ्या बटाट्यांवर पडली, आणि मी दुसरा गुण दिला.

नंतर मी जबाब घ्यायला बसलो. रोजचं काम काय, असं विचारलं. तो म्हणाला, पहाटे पाचला उठायचं, हवामान ऐकायचं, मशीन तपासायचं, आणि कुठलंही जेट उडायच्या आधी आपण उडायचं. मग जहाजाच्या डाव्या अंगाला हवेत थांबून राहायचं. सगळी विमानं उडेपर्यंत थांबायचं, आणि पुन्हा ती उतरताना थांबायचं. सगळी उतरली की शेवटी आपण उतरायचं.

"आणि थांबून काय करायचं?"

"कुणी समुद्रात पडलं तर उचलायचं."

"आणि कुणीच पडलं नाही तर?"

"तर दिवस चांगला गेला, मामा."

काही न करता नुसतं थांबण्याचा पगार मिळतो, आणि तोही हवेत, हे ऐकून मला आदर वाटला. आमच्याकडे हे काम लोक खुर्चीत बसून करतात. उरलेल्या वेळात तो एका जहाजावरचं टपाल दुसऱ्यावर पोचवतो, सिनेमाची रिळं बदलून आणतो, दात दुखणाऱ्या खलाशाला दातांच्या डॉक्टरकडे नेतो. एकदा एका जहाजाला आचारी नेऊन दिला होता. जेटवाले या लोकांना टांगेवाले म्हणतात. माकणीला आठवड्यातून दोनदा टपाल येतं आणि भर समुद्रात रोज येतं, हे ऐकून मला माकणीच्या लोकांची कीव आली. उडायचं नसलं तर सहा-सहा तास उडायचे कपडे चढवून, घामानं चिंब होऊन, एका कोंदट खोलीत कॅरम खेळत बसायचं. आंघोळीला गोडं पाणी मोजून. दीड-दोन महिने जमीन नाही. हे सगळं तो तक्रार न करता सांगत होता, आणि त्यामुळं माझा संशय वाढत होता.

दुसरा दिवस

पहाटे जाग आली तेव्हा जहाज चालू लागलं होतं आणि माझं पोट त्याच्या उलट दिशेला निघालं होतं. खाली बघतो तर मल्लिनाथ आंघोळ करून, जमिनीवर टॉवेल अंथरून, भिंतीकडे तोंड करून बसलेला. डाव्या तळहातावर लिंग. शेजारी दात घासायच्या पेल्यात चार घोट पाणी. ओठ हलत होते. जहाज डावीकडे कललं की तो उजवीकडे कलायचा, पण हात जागचा हलत नव्हता.

झालं, दाजींच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळाली. शहाणा माणूस तिथंच थांबला असता. पण मी शिरस्तेदार. मला दोन गोष्टी खटकल्या. पूजा झाल्यावर त्यानं लिंग गळ्यात न घालता फडक्यात गुंडाळून दंडावर बांधलं. आणि ती करडगी कोरी करकरीत होती. लहानपणापासून अंगावर असलेल्या चांदीला तीस वर्षांत धार राहत नाही. माझी तर झिजून पैशासारखी गुळगुळीत झाली होती. याचा अर्थ माझ्या मते एकच होता. पाहुणा येणार म्हणून गेल्या आठवड्यात बाजारातून आणलेलं हे सोंग होतं.

मी विचारलं, करडगी नवी दिसते. त्याचा हात थांबला. "उतरल्यावर सांगतो, मामा. आता वेळ झाली." साक्षीदार वेळ मागतो तेव्हा काय समजायचं ते मला चांगलं माहीत होतं.

वर गेलो तर जहाजाच्या त्या सपाट माळावर दीडदोनशे माणसं खांद्याला खांदा लावून, माना खाली घालून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत होती. अधिकारी, खलाशी, आचारी, सगळे. रोज सकाळी असं चालतात. तारेचा तुकडा, स्क्रू, काडी, जे दिसेल ते उचलायचं, कारण जेटचं इंजिन समोरचं सगळं आत ओढतं, आणि एवढासा खिळा आत गेला तरी विमान आणि माणूस दोन्ही जातात. मला हे फार आवडलं.

आम्हा पाहुण्यांना मनोऱ्याच्या पायथ्याशी दोरीच्या आत उभं केलं. टोप्या काढून हातात घ्या, पदर खोचा, गळ्यातलं काही लोंबत असेल तर आत घाला किंवा काढून द्या, असं एक पिवळ्या बनियनचा खलाशी हिंदीत बजावत फिरत होता. माझ्याजवळ येऊन त्यानं शिवदोऱ्याकडे बोट केलं. मी त्याला ऐकवलं की हे काढायचं नसतं, हे मेल्यावरही निघत नाही. तो म्हणाला, मग आत घाला. मी हो म्हणालो आणि घातलं नाही. खलाशानं सांगितलं म्हणून लिंग लपवणारा मी नव्हतो.

मल्लिनाथ त्याच्या काचेच्या डोक्याच्या छोट्या हेलिकॉप्टरकडे निघाला होता. माझ्या मनात एकच आलं. पूजा दाखवून झाली, आता यानं दंडावरचं काढून खोलीत ठेवलं असणार. तो आमच्या समोरून जाताना बाहीखाली फुगवटा दिसतो का ते बघायला मी वाकलो, मग आणखी वाकलो, मग दोरीखालून पलीकडे दोन पावलं गेलो. फुगवटा दिसला. तेवढ्यात तो आत चढला, पंखा फिरला, आणि वारा म्हणजे काय हे मला पन्नाशीत प्रथम कळलं. कोट डोक्यावर आला. करडगी उडून कपाळावर आदळली. शिवदोरा जुना होता, तुटला. लोखंडावर काहीतरी टणटणत गेल्याचं ऐकू आलं, आणि मी गळ्याला हात लावला तर गळा रिकामा होता.

मी दोरीच्या आत परत आलो. कुणी पाहिलं नव्हतं.

यानंतरचं लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी गप्प बसलो. हेलिकॉप्टर वर जाऊन डाव्या बाजूला थांबलं. पहिलं जेट यंत्राच्या तोंडाशी आणलं, त्याच्या मागं दुसरं उभं केलं. त्यातल्या एकात चार पेढे खाणारा तो पंजाबी होता. सकाळी दीडदोनशे माणसं कशासाठी वाकून चालली ते मला नीट माहीत होतं. आणि तरी माझ्या डोक्यात काय चाललं होतं? की दुसऱ्याचं लिंग तपासायला आलेल्या शिरस्तेदारानं आपलं हरवलं, हे या मुलाला कळलं तर उद्या माकणीला कळेल, परवा वाशीला. इंजिनाचा आवाज वाढला. दोघा खलाशांनी चाकाखालचे ठोकळे काढले. तेव्हा कुठं मी त्या पिवळ्या बनियनवाल्याचा दंड धरला आणि रिकाम्या गळ्याकडे बोट केलं.

त्यानं दोन्ही हात वर करून फुली केली. क्षणात सगळं थांबलं. इंजिनं बंद झाली, आणि ती सगळी माणसं पुन्हा रांगेत उभी राहून माना घालून चालू लागली, या वेळी माझ्यासाठी. पाहुण्यांच्या बायकापोरांना कळलं की कुणाचं तरी काही हरवलं आहे, आणि कुणाचं ते माझ्या तोंडावरून कळत होतं. वर हेलिकॉप्टर थांबलेलं. बऱ्याच वेळानं एका खाचेत अडकलेलं करडगीचं झाकण सापडलं. आतलं लिंग डबीसकट गेलं होतं. कडेपासून झाकण हातभर अंतरावर होतं, तेव्हा कुठं गेलं ते विचारायची गरज नव्हती. एका मोठ्या अधिकाऱ्यानं झाकण माझ्या हातात ठेवलं आणि वेळेवर सांगितल्याबद्दल माझे आभार मानले. मला त्या वेळी शिव्या परवडल्या असत्या.

मग विमानं उडाली, उतरली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी काही पाहिलं नाही. सगळ्यांच्या शेवटी मल्लिनाथ उतरला.

दुपारी पाहुण्यांना मेजवानी होती. मी पोटाचं निमित्त सांगून खोलीत येऊन बसलो. थोड्या वेळानं तो आला. त्याला कळलं होतं. त्याच्या मागोमाग त्याचं ताट आलं, ते त्यानं दारातूनच परत पाठवलं. मी म्हटलं, तुम्ही जेवा, तुमचं काही हरवलं नाही. तो खाली बसला, दंडावरची गाठ चाचपली आणि पहिल्यांदाच माकणीच्या बोलीत बोलू लागला.

"माजं बी हरवलंय मामा. गेल्या साली. असंच हवेत थांबलो हुतो, इंजिन बंद पडलं, खाली पाण्यात. बाहेर निघालो खरा, पर शिवदोरा जाकिटाच्या पट्ट्यात आडकला, आन् पट्टा मशीनला. मशीन बुडाया लागलं, तसं मला बी घेऊन चाललं. एक जण पवत आला. त्यानं चाकूनं गळ्याजवळचं समदं कापलं. म्या वर आलो, लिंग खाली गेलं."

दोन दिवस तो जेवला नव्हता. डॉक्टरला वाटलं धक्का बसला आहे. बंदराला लागल्यावर सोलापूरच्या एका स्वामींकडे जाऊन त्यानं दुसरं घेतलं, आणि तेव्हापासून दंडावर बांधतो, कारण दंड कापायची वेळ सहसा येत नाही. माकणीला यातलं काहीच माहीत नव्हतं. कळलं असतं तर आईनं नोकरी सोडायला लावली असती.

मी कोऱ्या करडगीवरून केवढा मोठा खटला उभा केला होता. मला त्याच्याकडे बघवेना. लिंगाबद्दल दाजींचं समाधान करता येईल, हे मला कळत होतं. पण ज्या गोष्टीची चौकशी करायला हवी होती ती करायला आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. हा मुलगा बुडू शकतो. एकदा बुडता बुडता राहिला आहे.

"दाजींना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "पर गिरिजाला समदं सांगा. तिला न सांगता व्हय म्हनून घेनं बरं न्हाय."

वाशी

परतीचा प्रवास मी नुसत्या पाण्यावर केला. गाडीत शेजारच्यानं केळी पुढं केली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. भक्तीनं नव्हे, भुकेनं. वाटेत कुठल्याही मठात जाऊन दुसरं लिंग घेता आलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं, हे मला कुर्डुवाडीच्या फलाटावर सुचलं होतं. पण एकदा गप्प बसून पाहिलं होतं, तेवढं पुरे झालं होतं.

वाशीला पोचलो तेव्हा ताटं वाढलेली होती. गिरिजा सुट्टीला आली होती, तीच वाढत होती. दाजींनी जेवणाआधी लिंग तळहातावर घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी तळहात पुढं केला. तो रिकामा होता. अक्काची भाकरी तव्यावर तशीच राहिली.

मी सगळं सांगितलं, म्हणजे माझं. दोरीखालून गेलो तेही, आणि गप्प बसलो तेही. दाजींनी पुढचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "आन् पोराचं?"

"अंगावर आहे. दंडावर, घट्ट बांधलेलं. पहाटे पूजा केल्याशिवाय पाण्याला शिवत नाही."

"गळ्यात का न्हाय?"

"तिथं गळ्यात बांधलेलं राहत नाही, दाजी. माझं राहिलं का?"

 संध्याकाळी दाजींनी स्वामींना बोलावून मला दुसरं लिंग देववलं आणि मी दोन दिवसांचा एकदम जेवलो. माझ्याकडून होकार देऊन झाला होता, दाजींचं समाधान झालं होतं, आणि माझ्या रिकाम्या गळ्याची बातमी बाजारात पोचायला रात्रीचीही गरज लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिजा मागच्या अंगणात शेंगा फोडत होती. मी समोर बसून तिला मल्लिनाथाचं सगळं सांगितलं. इंजिन, पट्टा, चाकू. ती शेंगा फोडतच राहिली. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "मामा, बाकीचे पडले तर ते उचलतात. ते पडले तेव्हा वर कोण होतं?"

मी म्हटलं, एक जण पोहत आला.

"कुठून आला? किती वेळानं?"

इतकी वर्षं मी जबाब ऐकतो आहे. घटना किती वाजता घडली, मदत किती वाजता आली, हे लिहिल्याशिवाय आम्ही साक्षीदाराला खाली उतरू देत नाही. आणि त्या खोलीत मी हे विचारलंच नव्हतं. गिरिजानं टरफलं सुपात भरली, हात पुसले आणि स्वतः मल्लिनाथाला पत्र लिहिलं. आमच्या घरातून लग्नाआधी मुलीनं मुलाला लिहिलेलं ते पहिलं पत्र. ते मी माझ्या हातानं टपालात टाकलं आणि अक्काला सांगितलं नाही.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. ते तिनं वाचलं आणि थेट दाजींच्या पुढं नेऊन ठेवलं. त्या रविवारी मीही वाशीला आलेला, आडतीवर बसलो होतो. पत्र आठ-दहा ओळींचं होतं. 'वर दुसरं कुणी नसतं. जहाज थांबत नाही, वळसा घेऊन येतं आणि बोट सोडतं. बोटीतून माणूस येतो. माझ्या वेळी अकरा मिनिटं लागली. पुढच्या वेळी कमी लागतील असं मी तुम्हाला लिहून देऊ शकत नाही.'

मुलगा बुडता बुडता वाचला हे दाजींना त्यातूनच कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. गिरिजा म्हणाली, "अप्पा, जसं झालं तसं लिहिलंय. मला याच माणसाशी लग्न करायचंय."

दाजी पत्र हातात घेऊन बसून राहिले. गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या ये म्हणाले. मला वाटलं आता शिवदोऱ्याचं निघणार, नव्या करडगीचं निघणार, घराण्याचं निघणार. मी उत्तरं जुळवत होतो. शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "तिथलं पानी लई गार असतंय का व्हय?"

"नाही दाजी," मी म्हणालो. "कोमट असतं."

मला माहीत नव्हतं. मी त्या पाण्यात हात घातला नव्हता.